वाचून दाखवला, बरोबर आहे

सोमवार, ४ मार्च

कॉलेज सोडून सात आठवडे झाले. बाबा रोज असं बघतात, जणू आज सकाळीच सोडलंय.

तपासणी कार्यालयात मदतनीस म्हणून रुजू झालो. मामाने चिकटवलं. "तात्पुरती जागा आहे. तोंड आवरलंस तर टिकेल," म्हणाला. म्हणजे टिकत नाही.

विभागप्रमुखांना भर वर्गात मी काय बोललो ते इथेही लिहिणार नाही. खरं होतं, एवढं पुरे. नंतर राजीनामा नेऊन दिला, तर कॉलेजच्या ऑफिसातला कारकून हसला. विद्यार्थ्याला राजीनामा देता येत नाही म्हणे, नाव कमी करून घ्यावं लागतं, त्याचा फॉर्म वेगळा. तो फॉर्म इतक्या रागाने भरला की कागद फाटला. दुसरा मागायला परत त्याच खिडकीवर!

इथलं काम: वृद्धनिवासांबद्दल तक्रारी आल्या की चौकशी. तपासनीस बाई प्रश्न विचारतात, मी जबाब लिहून घेतो. बाई पन्नाशी ओलांडलेल्या. दोन चष्मे – एक कागदांसाठी, एक माणसांसाठी. प्रत्येक जबाबाखाली एक ठरलेलं वाक्य असतं: "जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे." मग सही. बाई म्हणाल्या, "हे वाक्य लिहायला सगळ्यात सोपं, पाळायला सगळ्यात कंटाळवाणं. तू पाळायचंस."

पाळीन की. त्यात काय आहे?

मंगळवार, ५ मार्च

पहिली तक्रार. तीन पानं, संगणकावर टाईप केलेली, खाली सही नाही. नदीकाठच्या वृद्धनिवासाबद्दल. चौतीस म्हातारी माणसं, दुपारपाळीला एक सिस्टर आणि एक मावशी. बेल वाजवली तर वेळेवर कोणी येत नाही. बेलच्या नोंदी मात्र सुरेख. "नोंदीत बेल दोन मिनिटांत बंद होते. कोण बंद करतं ते डोळ्यांनी बघा," असं लिहिलंय. आणि: "सहा नंबरच्या आजींना एकटीने उठायची मनाई आहे. कोणी आलं नाही तर एक दिवस त्या उठतील."

बाईंनी पत्र दोनदा वाचलं, कागदांच्या चष्म्याने. "लिहिणाऱ्याला आतलं सगळं माहीत आहे."

मला निनावी माणसांची चीड आहे. बोलायचं तर तोंडावर बोला! मी बोललो ना?

बुधवार, ६ मार्च

वृद्धनिवासात गेलो. व्यवस्थापक दारातच उभा. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. मला "साहेब" म्हणाला. आजवर मला साहेब म्हणणारा हा पहिलाच, त्यामुळे पाचेक मिनिटं तो मला बरा वाटला.

बेलची पद्धत समजून घेतली. खाटेशेजारी बटण. दाबलं की खोलीबाहेर दिवा लागतो, ऑफिसात आवाज होतो. बंद करायचं बटण त्याच खोलीत, दाराजवळ. म्हणजे बसल्या जागेवरून बंद करायची सोय नाही, कोणीतरी जावंच लागतं. संगणक दोन्ही वेळा टिपतो. गोडबोल्याने महिन्याचा कागद काढून दिला. सरासरी: एक मिनिट पन्नास सेकंद. "आमच्याकडे यंत्र बोलतं साहेब, माणूस नाही."

बाई म्हणाल्या, "तेच तर तक्रारीत आहे."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून दुपारपाळीची सिस्टर बाहेर आली. हातात ओल्या चादरींचा ढीग, हनुवटीने दाबून धरलेला. त्या ढिगावरून मला म्हणाली, "दार धरा जरा." मी दार धरलं. ती गेली. मी धरूनच उभा होतो. बाईंनी चष्मा बदलून माझ्याकडे बघितलं.

गुरुवार, ७ मार्च

प्रेमात वगैरे पडलेलो नाही. कॉलेजातल्या प्रकरणानंतर मी त्या वाटेला जाणार नाही, असं याच वहीत मागे लिहिलंय. नोंद असावी म्हणून परत लिहितो.

शुक्रवार, ८ मार्च

जबाबांचा दिवस. हे मला लिहायलाच हवं, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

सकाळी कर्मचाऱ्यांचे जबाब. गोडबोल्या खोलीतच बसून. बाईंनी बाहेर जा म्हटलं की तो पाणी आणायला जायचा आणि पाणी घेऊन परत यायचा. बाई तीनदा पाणी प्यायल्या. सिस्टरला विचारलं, "मनुष्यबळ पुरतं?" ती गोडबोल्याकडे न बघता म्हणाली, "नोंदीत पुरतं." मी लिहून घेतलं. वाचून दाखवताना माझा आवाज फाटला. ती म्हणाली, "जबाबवाले, पाणी घ्या, आज इथे पाण्याला तोटा नाही."

जबाबवाले! मला हे नाव चालेल. आयुष्यभर चालेल.

दुपारी बाई स्वयंपाकघर बघायला गेल्या. मला म्हणाल्या, "सहा नंबरच्या आजींचा जबाब तू घे. प्रश्न लिहून दिलेत."

सहा नंबरच्या आजी पूर्वी टायपिस्ट होत्या. एकतीस वर्षं. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही, पण बोटं पांघरुणावर चालूच असतात. माझ्या पेनाचा आवाज ऐकून म्हणाल्या, "किती खरडतोस रे. अक्षर वाईट आहे ना तुझं?" आहे. "दाबून लिहितोस. रागीट दिसतोस." तेही आहे.

"आजी, बेल वाजवल्यावर कोणी येतं का?"

"येतो ना. कंडक्टर येतो."

कंडक्टर म्हणजे अकरा नंबरचे काका. तेही इथेच राहतात, वय अठ्ठ्याहत्तर, बसवर कंडक्टर होते. पाय चालतात, वेळ जात नाही. कुठलीही बेल झाली की काठी टेकत खोलीत जातात, दाराजवळचं बटण दाबतात, "येतायत हं, बसून घ्या," म्हणतात आणि पुढच्या दिव्याकडे वळतात. कोणाला पाणी देतात, कोणाची उशी सरळ करतात. आजी म्हणाल्या, "जन्मभर बेल वाजवली, आता बंद करतोय. खूश आहे बिचारा. पण मला उठवून संडासाला न्यायची ताकद त्याच्यात कुठे? मी आपली थांबते."

"त्यांना हे कोणी सांगितलं?"

"सिस्टरने. दुसरं कोण? बेल लांबली की तो गुळमट व्यवस्थापक तिलाच झाडतो. एकटी पोरगी कुठे कुठे पुरणार?"

मी हे लिहिलं नाही.

पेन थांबलं, एवढंच. मी डोळ्यांसमोर बघत होतो: सिस्टरने नोंदी खोट्या केल्या, सिस्टर निलंबित, सिस्टर फाटकाबाहेर. दोन वाक्यांनी. मी पुढचा प्रश्न विचारला. जेवण कसं असतं, कपडे कोण धुतं. ते सगळं लिहिलं, अगदी कळकळीने.

मग आजी म्हणाल्या, "वाच पाहू. न वाचता मी कधी कागद पुढे जाऊ दिला नाही."

मी वाचलं. आणि कंडक्टरची, सिस्टरची वाक्यं आली तिथे तीही वाचली. कागदावर नव्हती, तरी वाचली! सुरात, न अडखळता, आजींच्याच शब्दांत. त्या मान डोलवत ऐकत होत्या. "बरोबर. वाचतोस छान." मी बोट धरून जागा दाखवली, त्यांनी सही केली. वळणदार सही. वर माझ्या अक्षरात: जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे.

वाचून दाखवलेला बरोबरच होता. लिहिलेला नव्हता.

शनिवार, ९ मार्च

विचार केला. मी कोणाचं वाईट केलं? एका मुलीची नोकरी वाचवली. आजींना त्रास आहे, मान्य. पण सिस्टर गेली तर जो त्रास होईल त्याचं काय? उलट मी आजींचं भलंच केलं.

हे वाक्य वाचलं की गोडबोल्याचा आवाज ऐकू येतो. खोडत नाही, राहू दे.

आई म्हणाली, "नोकरी लागल्यापासून जेवत नाहीस नीट." ताई माहेरी आलीय, ती म्हणाली, "कोण आहे गं ती?" आईला विचारलं, मला नाही! मी ताट सारून उठलो. त्यामुळे आता दोघींची खात्री झाली.

सोमवार, ११ मार्च

आज अचानक भेट होती. अचानक भेटीचा नियम असा की दोन दिवस आधी पत्र पोचलं पाहिजे, "संबंधित अभिलेख उपलब्ध राहावेत म्हणून." पत्र मीच टाईप केलं होतं. विषय: अचानक भेटीची पूर्वसूचना. बाई म्हणाल्या, "तेवीस वर्षं मी हसले. आता तू हस."

गेलो तर कॉरिडॉरभर मावश्या. आठ! ऍप्रनवर दुकानातल्या घडीच्या रेघा. एकीला बेलचा दिवा कुठे लागतो हेच माहीत नव्हतं, दुसरीने तिला कोपर मारून दाखवलं.

बाई म्हणाल्या, "सहा नंबरमध्ये जाऊन मी स्वतः बेल दाबणार, बघू कोण येतं." आणि मला घाम फुटला. कारण सहा नंबरच्या समोरच खुर्चीवर कंडक्टरकाका बसलेले. काठी गुडघ्यांत, भांग पाडलेला, ड्यूटीवर असल्यासारखे. आठ मावश्या असोत की ऐंशी, बेल वाजली की हे उठणार.

मी त्यांना म्हटलं, "काका, चला बागेत. चक्कर मारू."

"आत्ता नाही. गाडी सोडून कसं येऊ?"

"पाचच मिनिटं. मला बसच्या गोष्टी सांगा."

हा आग्रह मात्र त्यांना मोडवेना. उठले. सिस्टर धावत आली. "कुठे नेताय त्यांना? आज त्यांना इथेच बसू द्या." मी हळूच म्हटलं, "काळजी करू नका. मला सगळं माहीत आहे." आणि नजरेने जे सांगायचं ते सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. कोणी आपल्यासाठी एवढं करतं, याची तिला सवय नसणार.

बागेत काकांनी घाटात ब्रेक गेलेल्या गाडीची गोष्ट सांगितली. मधेच आत बेल वाजली. ते ताडकन उठले, मी हात धरून बसवलं. "दुसरे आहेत आज काका." "दुसऱ्यांना जमत नाही हो. नुसतं बटण दाबून चालत नाही, येतायत म्हणून सांगावं लागतं."

बेल चाळीस सेकंदांत बंद झाली. बाई बाहेर आल्या तेव्हा दोन्ही चष्मे हातात होते.

बुधवार, १३ मार्च

बाईंनी विचारलं, "आजींच्या जबाबात बेलबद्दल काहीच नाही?"

"नाही."

"तू विचारलंस?"

"विचारलं. येतात म्हणाल्या."

येतो म्हणाल्या होत्या. एका अक्षराचा फरक. मी कॉलेज सोडलं ते विभागप्रमुख खोटं बोलतो म्हणून.

गुरुवार, १४ मार्च

अहवाल गेला. "तक्रारीत तथ्य आढळून आले नाही." सही करायला बाईंनी पाऊण तास लावला. "त्या ऍप्रनच्या घड्या मला दिसल्या," म्हणाल्या. "पण माझ्याकडे कागद नाही, आणि संशय काही अहवालाला जोडता येत नाही."

फाईलला दोरी मीच बांधली. गाठ पक्की मारली.

शुक्रवार, १५ मार्च

पाळी बदलायच्या वेळी वृद्धनिवासात गेलो. नवा शर्ट. इस्त्री स्वतः केली, कॉलर जळाली थोडी.

सिस्टर चादरी मोजत होती. म्हटलं, "झालं. फाईल बंद."

"बंद? म्हणजे काय?"

"म्हणजे काही सापडलं नाही. कोणी तुमच्याकडे बोट दाखवणार नाही. कंडक्टरकाकांचंही मी सांभाळून घेतलं."

तिने मोजणी सोडली. मग चादरींचा सगळा गठ्ठा माझ्या हातांत ठेवला आणि आत निघून गेली. पंधरा मिनिटं मी गठ्ठा घेऊन उभा. शेवटी मावशी आली आणि तो काढून घेत म्हणाली, "घरी जा रे बाबा."

भावना अनावर झाल्या असणार. काही माणसांना आभार मानता येत नाहीत. मी समजू शकतो.

रविवार, १७ मार्च

नऊ ओळींची चिठ्ठी लिहिली. फाडली. सात ओळींची लिहिली. तिच्यात "उत्कट" शब्द दोनदा आला होता. फाडली.

बुधवार, २० मार्च

कार्यालयात कागद आला. वृद्धनिवासाकडून, नियमाप्रमाणे, चोवीस तासांच्या आत. "खोली क्र. ६ मधील रहिवासी काल दुपारी पडल्या. मांडीचे हाड मोडले. रुग्णालयात हलविले. बेलची नोंद सोबत जोडली आहे."

नोंद: बेल – तीन वाजून पाच मिनिटे. बंद – तीन वाजून सहा मिनिटे दहा सेकंद. पडल्याची वेळ – तीन पंचेचाळीस.

बाई म्हणाल्या, "एका मिनिटात माणूस पोचला. मग चाळीस मिनिटं काय करत होता?" मी म्हटलं, पोट दुखतंय. खरंच दुखत होतं. बाहेर पडलो आणि चालत तिकडेच गेलो.

कंडक्टरकाका अकरा नंबरमध्ये भिंतीकडे तोंड करून बसलेले. मला ओळखलं. "मी बंद केली होती हो. येतायत म्हणून सांगितलं मी त्यांना. सिस्टर तिकडे चौदा नंबरला अडकलेली, त्यांना झटका आला होता. मी आजींना सांगितलं, बसून घ्या." मग म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्या गाडीतून एकही पॅसेंजर पडला नव्हता."

मामा म्हणतो तसं तोंड आवरलं.

सहा नंबरची खाट मोकळी होती. चादर नवीन.

गुरुवार, २१ मार्च

सकाळी बाईंच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. जबाब, न लिहिलेली वाक्यं, बाग. सिस्टरचं नावही सांगितलं. काकांना ते काम तिने दिलं होतं, असं स्पष्ट सांगितलं. तिचं आता काय होणार ते मला कळत होतं.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला ओरडण्याला उत्तर देता येतं. त्यांनी कपाटातून फाईल काढली. माझी गाठ सुटेना, कात्रीने दोरी कापली. आजींचा जबाब माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः कोरा कागद घेतला.

"त्या दिवशी त्यांना वाचून दाखवलास, तसा वाच."

वाचला. न लिहिलेल्या वाक्यांपाशी आलो तेव्हा तीही वाचली, आणि बाई लिहीत होत्या. त्यांना एकदाही थांबवावं लागलं नाही. मला सगळं पाठ होतं.

"फाईल मी आज परत उघडते," त्या म्हणाल्या. "माझ्या अहवालावर माझी सही आहे, तेव्हा उत्तर मलाही द्यावं लागेल. तू उद्यापासून येऊ नकोस." मग मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "का केलंस?"

मी म्हटलं, "तिची नोकरी जाऊ नये म्हणून."

"तिने सांगितलं होतं?"

"नाही."

बाईंनी माणसांचा चष्मा काढून ठेवला.

घरी बाबांनी विचारलं, "परत राजीनामा?" म्हटलं, नाही, या वेळी काढलं. "बरं झालं. फॉर्म तरी वाचला," म्हणाले. आणि मग बराच वेळ माझ्या शेजारी बसून राहिले.

शनिवार, २३ मार्च

सिस्टरला मी संपवलं. आधी तिच्यासाठी खोटं बोललो, मग खरं बोलून तिलाच बुडवलं. माझ्या प्रेमाचं एवढंच उत्पादन. ती आता माझं तोंड बघणार नाही, आणि तिचं बरोबर असेल.

मंगळवार, २६ मार्च

रुग्णालयात गेलो. आजी झोपलेल्या, पाय वजनाला टांगलेला. शेजारी स्टुलावर सिस्टर, साध्या कपड्यांत. म्हटलं, "तुमचं नाव मीच दिलं. काय बोलायचं ते बोला."

ती म्हणाली, "ते निनावी पत्र मी लिहिलं होतं."

मला कळलंच नाही. तिने परत सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. "चार रविवार बसून लिहिलं. काकांचं नाव घालवेना. माझं घालायची छाती झाली नाही. वाटलं, तुम्ही लोक येऊन बघाल."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने आजींकडे बघून हात वर केला. "मला नको. त्यांना सांगा. त्या अजून सगळ्यांना सांगतात, माझा जबाब त्या मुलाने छान वाचला म्हणून."

स्टूल माझ्याकडे सरकवून ती गेली. मी बसलो. साडेचारच्या सुमाराला आजींनी डोळे उघडले.